ओसरीतला सातपुडा

सुकदेवा,

तुझ्या तेराव्याची पंगत उठल्यावर तुझी लेक कासू माझ्यासमोर येऊन बसली. तुझ्या शेवटच्या आठवड्यात ती शहाद्याहून आली होती आणि तेव्हापासून तिने तुझी रंगांची पेटी कोणाला उघडू दिली नव्हती. तिच्या हातात तुझी काळवंडलेली पितळी वाटी होती. काठाला पेवडीचा पिवळा थर तसाच वाळलेला. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज अगदी तुझा. ती म्हणाली, "बुवा, तापीमाईनी सातम नऊ दिनवर उनी. यंदा डोंगर कोन रंगाडी?"

तुझ्यासमोर जसा गप्प बसत आलो तसाच तिच्यासमोरही बसलो.

तू किती चांगला सुतार होतास, तुझ्या हातची दारे किती गावांत आहेत, हे सांगणारे तुझ्या रनाळ्यात पुष्कळ आहेत. ते त्यांनी सांगावे. त्यांच्यापाशी नसलेली एकच गोष्ट माझ्याकडे आहे. तू मला एकदा एक शब्द दिला होतास आणि मी तो घेतला नाही. नाकारलाही नाही. देवळाच्या ओसरीत तो एकोणीस वर्षे ठेवून दिला. तू गेलास तेव्हा तो तेथेच होता, आणि मला झोपेतून जाग येते ती त्याच्याच आठवणीने.

पहिल्या मोठ्या लढाईहून परतलेला तू मला अजून दिसतोस. आमच्या तापीकाठच्या देवळाच्या पायरीवर, अंगात सरकारी खाकी कोट आणि डोक्यावर गेरूच्या रंगाचे पागोटे. काखेत पत्र्याची पेटी होती. मी पाठशाळेतल्या मुलांना सोडून बाहेर आलो होतो. तू वाकून नमस्कार केलास आणि म्हणालास, "शास्त्रीबुवा, देवले एक डोंगर करू द्या."

"डोंगर?"

"व्हय. ल्हाना. फळीवर. माले डोंगर कराले येस."

देवाला लोक घंटा देतात, समई देतात. डोंगर देऊ म्हणणारा मला तोवर कोणी भेटला नव्हता. मी तुला बसवून घेतले. बोलता बोलता ठरले की एकच डोंगर कशाला, तापीमाईचे सगळे खोरेच करावे. सातपुड्याच्या रांगा, मधले मैदान, नदी, काठची गावे, प्रकाश्याचा संगम, आणि त्यात आपले हे देऊळही. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव. त्या दिवशी मी सभामंडपात तिची कथा सांगतो. श्रोत्यांत निम्म्या म्हाताऱ्या बायका. ज्या तीर्थांची नावे त्या कथेत ऐकतात तेथे त्यांचे पाय पोचायचे नव्हते. त्यांना ती तीर्थे बसल्या जागी दिसावीत, हा माझा लोभ होता. तुझा लोभ कोणता, ते मला फार उशिरा कळले.

त्या वैशाखात तू नदीचा काठ पायी फिरून आलास. काठी उभी धरून, एक डोळा मिटून तू टेकड्यांची उंची मापीत असस. आपले पहिले भांडण त्या मापावरूनच झाले. मला देवळे मोठी हवी होती. म्हाताऱ्यांच्या नजरा अधू. तू मान हलवलीस. "बुवा, देव मोठा शे, देऊळ ल्हान शे. डोंगर देखा, तो केवढा शे." शेवटी देवळे मोठी झाली, पण तू त्यासाठी माझ्याकडून कबुली घेतलीस की हे माप चुकीचे आहे. मी ती दिली. मला वाटते, तुला माझ्याकडून मिळालेली ती एकमेव कबुली.

सहा हात लांब, तीन हात रुंद अशी आंब्याची फळी तू जोडलीस. जुन्या कागदांचा लगदा मेथीच्या पिठात मळून त्याच्या टेकड्या उठवल्यास. झाडांसाठी मी तुला आमच्या वृंदावनातल्या वाळलेल्या तुळशीच्या काड्या देत असे. आणि मग आली ती तुझी खरी विद्या, रंगाची. लोक आधी चिकट लावतात, त्यावर रेती भुरभुरतात, वाळली की रंग देतात. आणि कुंचला फिरला की निम्मी रेती कुंचल्याबरोबर निघून येते. तू चिकट रंगातच मिसळायचास. वाटीत आधी रंगाची पूड, मग चार थेंब पाणी, मग बोटाने घोटून घोटून लोणी, आणि त्यात थेंबाथेंबाने चिकट. शेवटी तापीची वस्त्रगाळ रेती त्याच रंगात. तुझ्या बोटाखालून माती, गवत आणि खडक एकाच वेळी उतरत.

"जास्त घालं तर काय व्हस?" मी एकदा तुझीच बोली तुझ्या तोंडावर टाकली. पाठशाळेच्या मुलांनी ऐकले असते तर माझी अब्रू गेली असती.

तू हसलास. "जास्त घालं तर चमकस, आनि मंग भेगा पडतंस. कमी घालं तर बोटले लागस. वाळी गया का बोट फिरावाचं. बोट सांगस."

खालचा लेप अधिक चिकट, वरचा कमी, हेही तूच सांगितलेस. उलटे केले तर वरचा लेप वाळताना आक्रसतो आणि खालच्याला उचकटून काढतो. मी पन्नास वर्षे शिकवीत आलो, सुकदेवा, पण इतके नेमके बोलणारा शिक्षक माझ्या पाहण्यात थोडा.

चिकट कोणते घालावे, येथे मात्र गाडे अडले. तुम्हां सुतारांच्या हातचा चिकट म्हणजे सरस. जनावरांची कातडी नि हाडे शिजवून काढलेला. तुझ्या पत्र्याच्या पेटीत त्याच्या वड्या होत्या, लढाईवरून आणलेल्या. मी म्हणालो, हे गाभाऱ्यासमोर चालणार नाही. तू वाद घातला नाहीस. पेटी बंद केलीस आणि बाभळीचा डिंक आणलास.

पहिल्या वर्षी डिंक. आषाढाची हवा लागली आणि सगळा सातपुडा चिकचिकीत झाला. म्हाताऱ्यांनी भक्तीने हात लावले आणि डोंगर त्यांच्या बोटांना लागून घरोघर गेला. दुसऱ्या वर्षी चिंचोक्याची खळ. तिला बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. पण मोरचूद विषारी, देवापुढे विष नको, म्हणून तेही मी अडवले. सप्तमीच्या सकाळी फडके काढले तर शिखरांवर पांढरी लव. दगडूआप्पा पाटील, देवळाची व्यवस्था पाहणारे, काठी टेकून वाकले आणि म्हणाले, "बुवा, सातपुडावर बरफ पडनं वाटस." सगळा मंडप हसला. तू हसला नाहीस. हरल्यासारखा खांबाला टेकून उभा होतास आणि दोष माझा होता.

त्या दुपारी, नैवेद्यानंतर, तू मला पहिल्यांदा आडवे विचारलेस. "बुवा, मृदुंगले काय लायेल शे?"

"कातडे."

"ते देवना म्होरे वाजस. आनि मन्हा डोंगरले दोन थेंब सरस नही चालस?"

"मृदंगाला परंपरेची संमती आहे, सुकदेवा."

"म्हंजे जुनं कातडं चालस, नवं नही."

मी तुला एक लांब उत्तर दिले. ते आज मला सगळे आठवते आणि त्यातला एकही भाग पटत नाही. पण तू ते शेवटपर्यंत ऐकून घेतलेस आणि म्हणालास, "बरं. सरस नही घालाव. काय घालाव ते मी देखस."

तिसऱ्या वर्षी तू देखावा रनाळ्याला नेऊन घरी रंगवलास. बैलगाडीत गवताच्या गादीवर ठेवून, आपण स्वतः गाडीबरोबर पायी चालत आणलास. फडके काढले आणि मी पाहतच राहिलो. डोंगर कोरडे होते, दाट, उन्हात भिजल्यासारखे. खडकांवर गेरू, उतारावर काव, शेतांवर पेवडी आणि नीळ मिळून झालेला हिरवा. हात लावला तर काही लागेना. दगडूआप्पांनी नखाने खरवडले, ओले फडके फिरवले. रंग हलला नाही. ते माझ्याकडे वळले. "बुवा, इतला पक्का रंग डिंकना नही. हाऊ सरस शे."

मी तुझ्याकडे पाहिले.

"नही," तू म्हणालास. "सरस नही शे."

"मग काय आहे?" मी विचारले.

"ते मन्हं शे, बुवा. सुतारनी विद्या शे. पन सरस नही. मी सांगं ना."

तेथेच मी थांबायला हवे होते. लोक पाहत होते, पाटील पाहत होते, आणि मला वाटले की सर्वांचे समाधान होईल असा मार्ग काढावा. मी तांब्यात तापीचे पाणी मागवले. म्हणालो, "मिस्तरी, हे हातावर घ्या आणि एवढे एकदा शपथेवर सांगा. मग कोणाच्या मनात काही राहणार नाही."

मी तुला "मिस्तरी" म्हणालो, "घ्या" म्हणालो. चारचौघांत मान दिला असे मला वाटले. तुझा चेहरा उतरला. तू पाण्याकडे पाहिलेस, माझ्याकडे पाहिलेस. "पारखाले सोपं शे, बुवा. सरस गरम पाणीमा उतरस. तपेलं आना, टाका. पन तुम्ही टाकं, तर मी पुढला साल येणार नही. आनि शप्पत मी खात नही."

"का?"

"मन्हा शब्द पुरे नही का?"

मी म्हणायचे होते, पुरे. तो एक शब्द होता. मी म्हणालो, "तूर्त देखावा बाहेर ओसरीत ठेवू."

तूर्त. एकोणीस वर्षे.

तू रागावून निघून गेला असतास तर मला सोपे गेले असते. तू दर वर्षी आलास. सप्तमीच्या आठ दिवस आधी, पेटी घेऊन, ओसरीत घोंगडी टाकून बसलास. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा भरल्यास, झडलेल्या तुळशीच्या काड्या बदलल्यास. माझ्या घरची भाकरी खाल्लीस आणि माझ्याशी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर भांडलास. नदी तेवढी तू डिंकातच ठेवली होतीस, तिला पाण्यासारखी चमक यावी म्हणून. आषाढात ती ओलसर होई, वाहिलेली फुले तिला चिकटत. तू ओल्या कापसाने पाकळी पाकळी सोडवताना म्हणायचास, "तापीमाईले घाम उना." बायका हसत. त्या ओसरीत बसून नमस्कार करत, मग आत येऊन माझी कथा ऐकत. कित्येकींनी मला स्वच्छ सांगितले की बाहेरची कथा अधिक चांगली आहे.

माझ्या बायकोचा, म्हणजे तुझ्या वहिनीचा, तुझ्यावर जीव होता. तू आलास की ती दह्याचे मोठे मडके वेगळे काढून ठेवी आणि तू ते मागून नेत असस. मी तिला म्हणे, या माणसाला कढी फार आवडते. ती माझ्याकडे विचित्र नजरेने पाही. आज हे लिहिताना त्या नजरेचा अर्थ माझ्या मनात येऊ पाहतो आहे. तो विचार मी मुद्दाम अर्ध्यावर सोडून देतो. का, ते पुढे सांगतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पाचव्या की सहाव्या वर्षी, तू रनाळ्याला परतल्यानंतर, दुपारी देवळात कोणी नसताना मी तांब्याभर पाणी तापवले. ओसरीत आलो. सातपुड्याच्या मागच्या अंगाला, जेथे कोणाला दिसणार नाही, तेथे चार थेंब टाकले की झाले. माझा हात तांब्यावर होता. मागून तुझी वहिनी आली. तिने तांब्याकडे पाहिले, डोंगराकडे पाहिले.

"अहो, तापवलंच आहे तर माझ्या गुडघ्यांना शेक द्या," ती म्हणाली. "डोंगराचं काही दुखत नाही."

मी तिचे गुडघे शेकले. शेकता शेकता तिने एवढेच विचारले, "भावजी नाही म्हणाले ना? मग अजून काय ऐकायचं आहे तुम्हांला?" ती जाऊनही आता सात वर्षे झाली. तुम्ही दोघे कोठे भेटला असाल तर ती तुला हे सांगितल्यावाचून राहिली नसेल. तरी ते माझ्याही तोंडून तुझ्या कानावर यावे.

मी पाणी टाकले नाही. तू समजत असशील की शास्त्रीबुवांनी आपल्या शब्दाचा मान ठेवला. तसे नव्हते. पारख केली असती तर तुला गमावले असते आणि विश्वास ठेवला असता तर लोकांपुढे माझी चूक उघडी पडली असती. दोन्हींच्या मधली ओसरी मला सोयीची होती.

तू शपथ का घेत नव्हतास, ते तू मला सांगितलेस तो दिवस मला वारा कोठून येत होता त्यासह आठवतो. आपण घाटाच्या पायरीवर बसलो होतो, सकाळची वेळ, तू कुंचले धूत होतास. मी काही विचारले नव्हते.

"बसराकडे लढाईमा माले सुतार म्हनून लिधं," तू म्हणालास. "पन सायबले कळनं का मन्हा हात बारीक शे. मंग टेबलवर डोंगर कराले लायं. रेती, सरस, रंग. नदी कोठे, नाला कोठे, समदं बराबर. मी रंग देऊ, सायब काडी धरीसन शिपाईसले सांगे, आठून जा, तठून चढा."

तू एक कुंचला पिळलास, दुसरा घेतलास.

"जे गयात ते परत उनात नही. आपलाच पोरं व्हतात, बुवा. माले भाकर देयेत."

मी म्हणालो, "तुझा काय दोष? तुझा डोंगर चुकला का?"

"नही. बराबर व्हता. तेच त." तू कुंचला पुन्हा पाण्यात बुडवलास. "भरती व्हताना सरकारनी शप्पत खादी, एकदाव. तिना बदलामा माले ते डोंगर करना पडनात. आते दुसरी नही खासू. देवनी बी नही. तुम्ही मना करं तरी चालस. पन एक डोंगर असा कराना व्हता, ज्यावर कोनी मरस नही."

हे सगळे ऐकून मी काय केले, सुकदेवा? मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि देखावा ओसरीतच ठेवला. आता हे कागदावर पाहतो तेव्हा त्या हाताची लाज वाटते. आयुष्यभर शास्त्र वाचणाऱ्याला समोरच्या माणसाचे सत्य ओळखता येऊ नये, आणि रंग घोटणाऱ्याला मात्र किती थेंब पुरे ते बोटाने कळावे.

गेल्या वर्षी तुझा हात थरथरत होता. बारीक कामाला तू कुंचला दोन्ही हातांनी धरत होतास. देशोदेशी पुन्हा लढाई पेटली होती आणि कोणी वर्तमानपत्र वाचू लागले की तू उठून नदीवर जात असस. निघताना तू म्हणालास, "पुढला साल कासूले धाडसू. तिले समदं येस. त्यामा काय घालतस ते बी तिले ठाऊक शे. तुमनी इच्छा व्हई तर इचारा."

तू मला दार उघडून देत होतास. अभिमान सोडलास तो तूच, ज्याने सोडायचे कारण नव्हते. मी म्हणालो, "बघू."

आपले शेवटचे बोलणे ते. तू गाडीत बसलास, आणि गाडी वळेपर्यंत मी ओसरीत उभा होतो.

म्हणून तेराव्याला कासूने विचारले तेव्हा मी गप्प होतो. मग तिने वाटी खाली ठेवली आणि अगदी सहज म्हणाली, "माले येस, बुवा. बानी शिकाडेल शे. त्यामा काय ऱ्हास ते सांगू का? बा म्हने, बुवा कवयतरी इचारतीन, तवय सांगजो."

एकोणीस वर्षे जे मला हवे होते ते एका वाक्याच्या अंतरावर होते. ती बोलली असती की मला कळले असते, आणि कळल्यावर विश्वास ठेवायला काहीच उरले नसते. तुझ्या शब्दाची जागा मग तिच्या माहितीने घेतली असती.

"नको," मी म्हणालो. "तू सांगू नकोस, पोरी. तुझ्या बापाने सांगितले आहे."

तिने पदर डोळ्यांना लावला आणि पदराआडून म्हणाली, "बा ऱ्हाता तर हासता."

चतुर्थीला ती आली. पंचमीला तिने रंग कालवला. ती चिकट मिसळत असताना मी तापीकडे तोंड करून बसलो; माझ्या नाकाला काही वास आला असेल तर तो मी नदीचाच मानला. "आते फिरा," ती म्हणाली तेव्हा फिरलो. तिने कुंचला माझ्या हाती दिला आणि मला एक लहानसा उतार रंगवायला सांगितला. मी तो फार वाईट रंगवला. तिने तुझ्यासारखीच मान हलवली आणि तो माझ्यादेखत पुन्हा रंगवला.

षष्ठीला चार माणसे लावून आम्ही देखावा आत मंडपात न्यायला उचलला. ओसरीच्या उंबऱ्यावर फळी थोडी कलली आणि तापीकाठच्या त्या इवल्या देवळाचे, म्हणजे आपल्याच देवळाचे, शिखर निखळून कासूच्या हातात आले. मंडपात फळी टेकल्यावर ती ते बसवायला वाकली आणि थांबली.

"बुवा, आत देखा."

मी चष्मा पुसला, समई जवळ घेतली. वीतभर देवळाच्या आत तू सभामंडप केला होतास. खांब होते काड्यांचे. आणि मंडपाच्या मधोमध, गाभाऱ्यासमोर, नखाएवढी एक फळी ठेवली होती. तिच्यावर हिरवे उंचवटे आणि त्यांतून गेलेली निळी रेघ. फळीच्या शेजारी मोहरीएवढे दोन ठिपके, एक पांढरा, एक गेरूचा. माझे उपरणे पांढरे असते. तुझे पागोटे कोणत्या रंगाचे असे ते मी वर लिहिले आहे.

हे तू कधी केलेस मला ठाऊक नाही. कासूलाही ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी केले असशील तर ती आशा होती. ओसरीतल्या वर्षांत केले असशील तर काय म्हणावे त्याला मला शब्द सापडत नाही. माझ्या हुकमावाचून आणि माझ्या नकळत तुझा देखावा सगळा काळ आतच होता, आणि त्याच्याजवळ तू मलाही बसवून ठेवले होतेस.

"लावू का शिखर?" कासूने विचारले.

"थांब थोडे," मी म्हणालो. ती थांबली. पुरेसे पाहून झाल्यावर मी मान हलवली आणि तिने वाटीतला रंग काडीने काठाला लावून शिखर बसवले. तासाभराने मला म्हणाली, "आते बोट फिरावा." मी सांध्यावरून बोट फिरवले आणि दिव्याजवळ नेऊन पाहिले. ते कोरडे होते.

काल सप्तमी. मंडप भरला होता. म्हाताऱ्या आत आल्या, देखावा पाहून दारातच थबकल्या, मग त्याच्याभोवती दाटीने बसल्या. दगडूआप्पा आता पंचाऐंशीच्या पुढचे. दोन नातवांनी धरून आणले. दिसत कमी, पण विसरले काही नाही. काठीचे टोक फळीला टेकवून त्यांनी सर्वांदेखत विचारले, "बुवा, हाऊ आत कसा? त्यामा सरस शे ना?"

पोथी माझ्या मांडीवर होती. मी ती मिटली.

"नाही, आप्पा. सरस नाही."

"कोनी पारखं?"

"कोणी नाही. सुकदेव म्हणाला होता."

आप्पांनी काठी बाजूला ठेवली, नातवाचा हात धरून खाली बसले आणि म्हणाले, "बरं. मंग सांगा कथा."

मी सांगितली. तापीमाईला घाम आला होता. संगमाशी जास्वंदीची एक पाकळी चिकटून बसली आहे. कासू ती ओल्या कापसाने सोडवणार होती. मी म्हणालो, आजचा दिवस राहू दे.